नियतिवाद्यांस अशोकाचें दान

मनुष्य आपल्या कृतीचा खरा कर्ता आहे, कीं दैवाच्या हातचें बाहुलें, हा वाद आपल्याकडे फार जुना आहे. परंतु दैवाचा पक्ष ज्यानें निर्भयपणें शेवटच्या टोंकापर्यंत नेला, त्या मक्खली गोशालाचें नांव आज थोड्यांसच ठाऊक असेल.

गोशाल हा बुद्ध व महावीर यांचा समकालीन आणि आजीवक पंथाचा आचार्य. या पंथाचे ग्रंथ नष्ट झाल्यामुळें त्याचें मत प्रतिपक्षाच्याच तोंडून ऐकावें लागतें. बौद्धांच्या सामञ्ञफलसुत्तांत तें असें दिलें आहे: प्राण्यांच्या शुद्धीस वा मालिन्यास कांहीं कारण नाहीं, बळ, वीर्य, पुरुषकार हे शब्द पोकळ आहेत, फेकलेली सुताची गुंडी संपेपर्यंत उलगडत जावी, तसे शहाणे व मूर्ख सारखेच ८४ लक्ष महाकल्पांचा फेरा पुरा करून दुःखांतून सुटतात.

यावरील उत्तर जैनांच्या उवासगदसाओ ग्रंथांत आहे. सद्दालपुत्त नांवाचा कुंभार आजीवकांचा अनुयायी होता. हीं मडकीं प्रयत्नानें झालीं काय, असें महावीरानें विचारतां तो म्हणाला, नाहीं, सर्व नियत आहे. मग कोणीं तीं फोडलीं तर? त्याला मी बडवीन, असें कुंभाराचें उत्तर. पण फोडणेंही नियतच असेल, तर फोडणारा दोषी कसा? येथें कुंभार निरुत्तर झाला.

या युक्तिवादानें इच्छास्वातंत्र्य सिद्ध होतें, असें मला वाटत नाहीं. त्यावांचून आपला एक दिवसही व्यवहार चालत नाहीं, इतकेंच सिद्ध होतें.

आतां अशोकाकडे पाहा. अभिषेकानंतर ८ व्या वर्षीं त्यानें कलिंग जिंकला. एक लक्ष माणसें मारलीं गेलीं, दीड लक्ष धरून नेलीं, हें त्यानें स्वतःच आपल्या १३ व्या शिलालेखांत सांगितलें, आणि आपणांस पश्चात्ताप झाल्याचेंही नमूद केलें. पुढें १२ व्या वर्षीं त्यानेंच गयेजवळच्या बराबर डोंगरांतील गुहा आजीवकांस दिल्या. ज्यांच्या मतें पश्चात्तापास अर्थच नाहीं, त्यांस एका पश्चात्तापदग्ध राजानें निवारा द्यावा, हा योग विलक्षण खरा.

कलिंगाचा दोष नियतीच्या माथीं मारण्याची सोय त्याच्या आश्रितांच्या मतांतच तयार होती. ती त्यानें घेतली नाहीं. आपण मात्र शेजाऱ्याच्या चुकीस त्याला जबाबदार धरतों आणि स्वतःच्या चुकीस दैवाला. सद्दालपुत्ताची मडकीं आपल्याही घरीं आहेत.