सहाशे साचे आणि एक वाचनयंत्र

१५५६ साली गोव्याच्या किनाऱ्यावर जे मुद्रणयंत्र उतरले, ते गोव्यासाठी आलेच नव्हते. अबिसिनियाच्या धर्मकार्यासाठी निघालेल्या येशूसंघीय धर्मगुरूंच्या सामानात ते होते. जहाज वाटेत गोव्यास थांबले, पुढच्या प्रवासात अडचणी उभ्या राहिल्या, आणि यंत्र जुन्या गोव्यातील संत पॉल महाविद्यालयात मांडले गेले. हिंदुस्थानातील छपाईचा आरंभ असा वाट चुकून झाला. यंत्राबरोबर जे खिळे आले ते अर्थातच रोमन लिपीचे होते. या भूमीची भाषा कोणती, ती कोणत्या अक्षरांत लिहितात, याचा विचार यंत्र पाठवणाऱ्यांनी करण्याचे कारणच नव्हते.

ही जुनी हकीगत आज आठवण्यास निमित्त घडले आहे. आपल्या सिंधुदुर्गातील कुटुंबांत अलीकडे एक प्रश्न वरचेवर निघतो. मुंबईस किंवा आखातात नोकरीस असलेला मुलगा घरी येताना विचारतो, ‘बाबांसाठी तो ई-बुक रीडर आणू का?’ पुस्तके वाचण्यापलीकडे ज्याचा दुसरा उपयोग नाही, असे ते पाटीएवढे यंत्र. धर्मग्रामाच्या वाचनालयासाठी चार पैसे जमले की तोच प्रश्न समितीपुढे येतो: कपाट घ्यावे, पुस्तके घ्यावीत की यंत्र घ्यावे? चांगल्या यंत्रास आज पंधरा-सतरा हजार रुपये पडतात. मासळीचा हंगाम वाईट गेलेल्या वर्षी ही रक्कम लहान नव्हे. म्हणून ‘नवे ते चांगले’ किंवा ‘जुने ते सोने’ यांपैकी एका म्हणीवर निकाल न देता आम्ही इतिहासाकडे वळलो. ग्रंथाचे वाहन बदलण्याचा प्रसंग आपल्या समाजावर पहिल्यांदाच आलेला नाही.

फादर थॉमस स्टीफन्स १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्यास पोहोचले, आणि १६१९ मध्ये देवाघरी जाईपर्यंतचे सारे आयुष्य त्यांनी येथेच, बहुतांशी साष्टीत, घालवले. जन्माने इंग्रज असलेल्या या धर्मगुरूने मराठी भाषा अशी आत्मसात केली की, तिच्यातील ओवीत त्याने सुमारे अकरा हजार ओव्यांचे ख्रिस्तपुराण रचले. हा भाग वाचकांना ठाऊक आहे. फारसे ठाऊक नाही ते १६०८ सालचे त्यांचे एक पत्र. रोमला येशूसंघाचे प्रमुख फादर आक्वाविवा यांना लिहिलेल्या या पत्रात त्यांनी एक जुनी मनीषा बोलून दाखवली आहे. या प्रांताच्या भाषेत आणि याच प्रांताच्या अक्षरांत काही ग्रंथ छापलेले पाहावेत, असे त्यांना कित्येक वर्षे वाटत होते. मलबारकडील ख्रिस्ती लोकांना तो लाभ मिळाला होता. तेथे १५७८ मध्येच तमिळ अक्षरांत धर्मशिक्षणाचे पुस्तक छापून झाले होते. मग येथे का नाही? फादर स्टीफन्स यांनी सांगितलेले पहिले कारण धार्मिक नाही, कारागिरीचे आहे. युरोपात चोवीस अक्षरांनी काम भागते. येथे काना, मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षरे धरता सहाशे साचे पाडावे लागतील. ते सहाशेंचे दोनशेंवर आणता येतील असा हिशेबही त्यांनी करून ठेवला होता. एखाद्या महाकवीने खिळे मोजत बसावे, हे दृश्य आम्हांस त्यांच्या कोणत्याही ओवीइतकेच हृद्य वाटते.

दोनशे साचे कधीच पाडले गेले नाहीत. ख्रिस्तपुराण १६१६ साली रायतूर येथे छापून निघाले, ते रोमन अक्षरांत. भाषा मराठी, अलंकार मराठी, छंद मराठी. लिपी मात्र पोर्तुगीज वळणाची, जिच्यात ‘श’ साठी ‘एक्स’ लिहितात. आपल्या घरांतील जुन्या कोकणी प्रार्थनापुस्तकांत ते वळण आजही दिसते. सिंधुदुर्गातील किती तरी आजी मराठी शाळेत न जाता रोमी अक्षरे गिरवून प्रार्थना वाचायला शिकल्या आणि त्यांची नातवंडे देवनागरीत शिकून आजीचे पुस्तक वाचू शकेनाशी झाली. एका घरात एकाच श्रद्धेच्या दोन लिपी नांदतात, त्याचे मूळ ज्या खिळ्यांच्या पेटीत आहे, ती पेटी अबिसिनियाला जायची होती.

फादर स्टीफन्स यांनी तडजोड केली ती योग्य केली, असे आमचे मत आहे. साचे तयार होईपर्यंत थांबले असते तर ते ग्रंथ छापलेला न पाहताच गेले असते. परंतु तडजोडीची किंमतही पडली. देवनागरी किंवा मोडी वाचणाऱ्या महाराष्ट्राच्या दृष्टीपुढे हा ग्रंथ सुमारे साडेतीनशे वर्षे आलाच नाही. ज्ञानेश्वर-एकनाथांच्या ओवीचे ज्यांनी आयुष्यभर अध्ययन केले, त्यांनाही आपल्या दक्षिण सीमेवर त्याच छंदात बांधलेले एक थोर पुराण आहे, याचा पत्ता नसावा, हे केवढे अंतर!

आता छापील प्रतींचे काय झाले ते पाहू. १६१६ नंतर १६४९ व १६५४ मध्ये पुन्हा आवृत्त्या निघाल्या. म्हणजे ग्रंथाला मागणी होती, लोक वाचत होते. पुढे वारे फिरले. १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढून लोकांनी तीन वर्षांच्या आत स्थानिक भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी असे फर्मावले. ज्या भाषेला राज्यकर्ते घालवू पाहतात त्या भाषेच्या ग्रंथांना छापखाना कुठून मिळणार? चौथी आवृत्ती त्या राजवटीत निघाली नाही. आणि आश्चर्य म्हणजे, त्या तीनही आवृत्त्यांपैकी एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. त्या काळातील अत्याधुनिक यंत्राने दिलेले सारे गेले.

मग ग्रंथ वाचला कसा? तो वाचला मंगळूरच्या बाजूला, हस्तलिखितांत. गोव्यातून कानडा मुलखात गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी पुराणाच्या नकला बरोबर नेल्या आणि त्या जीर्ण झाल्या की पुन्हा उतरवून काढल्या. प्रायश्चित्तकाळात घरोघरी त्यांचे वाचन होई. टिपू सुलतानाने १७८४ मध्ये या समाजास श्रीरंगपट्टणास बंदिवासात नेले, तेव्हाही पुराणाचा आधार होता, अशी तेथील परंपरा आहे. दिव्याच्या उजेडात बोरूने ओव्या उतरवणाऱ्या त्या माणसांची नावे कोठे नोंदलेली नाहीत. अशा हस्तलिखितांवरून जोसेफ साल्ढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळुरास जी आवृत्ती काढली, तीमुळे ख्रिस्तपुराण विद्वज्जगतास पुन्हा भेटले. तीही रोमन लिपीतच होती. पुढे लंडनमधील मार्सडन संग्रहात देवनागरी लिपीतील एक हस्तलिखित असल्याचे अमेरिकन मिशनचे जस्टिन ॲबट यांनी उजेडात आणले. १९५६ मध्ये पुण्याहून शांताराम बंडेलू यांनी देवनागरी आवृत्ती सिद्ध केली. गोव्यात यंत्र उतरल्यास त्या वर्षी बरोबर चारशे वर्षे होत होती! १९९६ मध्ये फादर कारिदाद द्रागो यांची आवृत्ती मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनाने काढली.

इतके पाहून झाल्यावर आजच्या यंत्राकडे यावे. त्याच्या पडद्यामागील युक्ती मोठी मौजेची आहे. पडद्याखाली केसाच्या जाडीएवढ्या असंख्य कुप्या असतात. प्रत्येकीत पांढरे व काळे कण. विजेच्या सूक्ष्म भाराने काळे कण वर आणले की अक्षर उमटते, आणि एकदा उमटले की ते तसेच राहते. वीज खर्च होते ती मुख्यतः पान उलटताना. म्हणून एकदा भारित केलेले यंत्र कित्येक दिवस, कधी आठवडेही चालते. मोबाइलप्रमाणे प्रकाश डोळ्यांवर फेकण्याची त्याला गरज नाही. भर उन्हात पडवीत बसूनही पान कागदासारखे दिसते. १६ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळाने मालवण किनारा झोडपला आणि त्यानंतर गावोगाव वीज नव्हती, ते दिवस ज्यांनी काढले त्यांना या गुणाचे मोल सांगावयास नको. आमच्या हवेत कागदाचे हालही सर्वांना ठाऊक आहेत. आषाढात पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर बुरशी चढते, कपाटाच्या मागून वाळवी येते, आणि कसर आतून कोरते. यंत्राला वाळवी लागत नाही. सर्वांत मोठा लाभ वृद्धांचा: अक्षर हवे तेवढे मोठे करता येते. मोतीबिंदूमुळे पवित्र शास्त्र मिटून ठेवलेली किती तरी वडीलधारी मंडळी आमच्या पाहण्यात आहेत.

तरीही पहिला प्रश्न तोच, जो फादर स्टीफन्स यांच्यापुढे होता. या यंत्राला आमची अक्षरे येतात काय? किंडल नावाचे प्रसिद्ध यंत्र अमेरिकेत २००७ मध्ये निघाले. मराठी पुस्तकांची अधिकृत सोय त्याच्या दुकानात २०१६ च्या डिसेंबरात झाली. तेव्हा साचे आता आहेत. अडचण निराळ्या ठिकाणी आहे. देवनागरीला १९९१ मध्ये युनिकोड या जागतिक संकेतात स्थान मिळाले. पण १९९० च्या दशकापासून आपली नियतकालिके, गीतपुस्तके आणि नोव्हेनांच्या पुस्तिका ज्या संगणकांवर जुळवल्या गेल्या, त्यांतील बहुतेक फॉण्ट प्रत्येक कंपनीच्या स्वतंत्र संकेताचे होते. त्या फायली आज नव्या यंत्रात घातल्या तर अक्षरांच्या जागी अगम्य चिन्हांची रांगोळी दिसते. कागदावर देवनागरी, पोटात रोमन, अशी ती स्थिती! रायतूरची अडचण उलटी होऊन आमच्यापुढे आली आहे. साल्ढाणा यांच्या १९०७ च्या आवृत्तीची छायाचित्रित प्रत महाजालावर विनामूल्य मिळते. परंतु ती पानांची चित्रे असल्याने सहा इंची पडद्यावर अक्षर मुंगीएवढे दिसते आणि मोठे करू गेल्यास ओवीचा अर्धा चरण पडद्याबाहेर जातो. ज्या आजोबांसाठी यंत्र घ्यायचे त्यांना त्याचा काय उपयोग?

दुसरा प्रश्न मालकीचा. २००९ च्या जुलैमध्ये ॲमेझॉन कंपनीने विक्रीच्या हक्कासंबंधीच्या तक्रारीवरून जॉर्ज ऑर्वेल यांची दोन पुस्तके ग्राहकांच्या किंडल यंत्रांतून परस्पर पुसून टाकली. पैसे परत केले, पुढे क्षमाही मागितली. पण घरातील फळीवरचे पुस्तक दुकानदाराला दुरून उचलता येते, हे त्या दिवशी जगाला कळले. २०२५ च्या फेब्रुवारीत त्याच कंपनीने विकत घेतलेले पुस्तक संगणकावर उतरवून घेण्याची सोय बंद केली. आपण घेतो ते पुस्तक नसते, ते वाचण्याची परवानगी असते. १६८४ च्या फर्मानाशी याची बरोबरी आम्ही करीत नाही. व्यापार आणि जुलूम या भिन्न गोष्टी आहेत. मंगळूरच्या त्या कुटुंबांच्या हातात मात्र वही होती आणि तिची नक्कल करण्यास कोणाची परवानगी लागत नव्हती, एवढे ध्यानात ठेवावे.

आता विचारणाऱ्यांस आमचे उत्तर. घरात डोळ्यांनी अधू झालेले पण वाचनाची भूक असलेले माणूस असेल आणि पदरी पैसे असतील, तर यंत्र अवश्य घ्यावे. मात्र दुकानाबाहेरून मिळवलेली, युनिकोडमधील पुस्तके संगणकावरून त्यात भरता येतात की नाही हे आधी पाहावे. शाळकरी मुलांसाठी घाई करू नये. ज्या मुलाला पुस्तकाची गोडी नाही त्याला यंत्राने ती लागत नाही. ज्याला गोडी आहे त्याच्यासाठी सावंतवाडी-वेंगुर्ल्यापासून मालवणपर्यंत जुनी सार्वजनिक वाचनालये आजही वर्गणी थोडी घेऊन पुस्तके भरपूर देतात. मोबाइल आहेच, मग दुसरे यंत्र कशाला, असे पुष्कळ जण म्हणतात. त्यांना एवढेच सांगणे, की मोबाइलवर पवित्र शास्त्राचा एक अध्याय संपेपर्यंत चार निरोप येतात. ज्यावर वाचनाखेरीज काही करता येत नाही, हाच या यंत्राचा सर्वांत मोठा गुण आहे.

धर्मग्रामाच्या वाचनालयाविषयी समितीने आमच्या सूचनेवरून ठरवले ते असे. यंत्र एकच घ्यायचे आणि ते आजारी व वृद्ध यांच्या घरी पंधरा-पंधरा दिवस फिरवायचे. उरलेली रक्कम कपाटावर न घालता अक्षरजुळणीवर घालायची. २००५ मध्ये पुणे धर्मप्रांतातून सिंधुदुर्ग धर्मप्रांत वेगळा झाला, त्याच्याही पूर्वीपासून आपल्या गावांत हाताने लिहिलेल्या वह्या आहेत: लादीन, मोतेत, क्रूसाच्या वाटेची गीते, काही रोमीत, काही देवनागरीत. महाविद्यालयात जाणाऱ्या पाच मुलामुलींनी त्या युनिकोडमध्ये टंकलिखित करण्याचे पत्करले आहे. जेथे मजकूर रोमीत आहे तेथे देवनागरी पाठ शेजारी द्यावा, असे ठरले आहे. कोणाच्या पेटीत अशी वही असेल तर ती पावसाळा लागण्यापूर्वी धर्मग्रामाच्या कार्यालयात आणून द्यावी. नक्कल उतरली की वही ज्याची त्यास परत मिळेल.