१९ विरुद्ध १८ : एनबीएमधला सर्वात कमी गुणांचा सामना

आज एनबीएच्या सामन्यात एखाद्या संघाने शंभर गुण केले तर त्याचं कुणाला फारसं कौतुक वाटत नाही. पण याच स्पर्धेत एक सामना असा झाला, की ४८ मिनिटांचा खेळ संपला तेव्हा दोन्ही संघांचे मिळून फक्त ३७ गुण झाले होते. २२ नोव्हेंबर १९५० रोजी फोर्ट वेन पिस्टन्सने मिनियापोलिस लेकर्सचा १९-१८ असा पराभव केला. हा नीचांक आजही कायम आहे.

लेकर्सची इतकी धास्ती का होती?

त्या काळी लेकर्सना हरवणं ही सोपी गोष्ट नव्हती. १९४९ आणि १९५० असं लागोपाठ दोन वेळा ते विजेते ठरले होते. घरच्या मैदानावर तर त्यांनी सलग २९ सामने जिंकले होते. संघाचा कणा होता जॉर्ज मायकन. सहा फूट दहा इंच उंचीचा हा सेंटर बास्केटजवळ उभा राहिला की समोरच्या संघाला त्याला रोखणं कठीण जाई. त्याचा दबदबा एवढा, की पुढच्याच हंगामात बास्केटखालचा पट्टा सहा फुटांवरून बारा फूट रुंद करण्यात आला. त्या पट्ट्यात तीन सेकंदांहून जास्त थांबता येत नसल्याने मायकनला बास्केटपासून लांब ठेवणं हा यामागचा हेतू होता.

पिस्टन्सने काय शक्कल लढवली?

पिस्टन्सचे प्रशिक्षक होते मरे मेंडेनहॉल. चेंडू आपल्याच हातात राहिला, तर मायकनला गुण करायची संधीच मिळणार नाही, हा त्यांचा साधा हिशेब. त्यांचे खेळाडू मध्यरेषेजवळ चेंडू घेऊन उभे राहायचे, आपापसात पास करायचे आणि अगदी खात्रीची संधी दिसली तरच बास्केटकडे वळायचे.

यात नियमभंग काहीच नव्हता. चेंडू दहा सेकंदांत मध्यरेषेपलीकडे न्यावा लागे, पण त्यानंतर तो किती वेळ जवळ ठेवायचा यावर कसलीही मर्यादा नव्हती. मिनियापोलिस ऑडिटोरियममध्ये सात हजारांवर प्रेक्षक जमले होते. पैसे मोजून आलेल्या या लोकांनी हुर्यो उडवली, पण पिस्टन्सने डाव बदलला नाही.

आकडे काय सांगतात?

पहिल्या क्वार्टरनंतर पिस्टन्स ८-७ असे पुढे होते. मध्यंतराला लेकर्सकडे १३-११ अशी आघाडी होती आणि तिसऱ्या क्वार्टरअखेर १७-१६. शेवटच्या बारा मिनिटांत पिस्टन्सने तीन, तर लेकर्सने एकच गुण मिळवला. अखेरचे काही सेकंद उरले असताना लॅरी फाउस्टने मायकनसमोरून चेंडू बास्केटमध्ये टाकला आणि सामना फिरला.

संपूर्ण सामन्यात दोन्ही संघांनी मिळून बास्केटवर ३१ फटके मारले. पिस्टन्सचे १३ पैकी चार यशस्वी झाले, लेकर्सचे १८ पैकी चार. म्हणजे खेळ सुरू असताना एकूण आठच बास्केट झाले. उरलेले २१ गुण फ्री थ्रोचे.

लेकर्सचे चारही बास्केट मायकनचे होते. १८ पैकी १५ गुण त्याने एकट्याने केले. मेंडेनहॉल यांचा डाव मायकनसाठी होता, पण प्रत्यक्षात मायकन सोडून बाकी सगळा संघ थंडावला!

मग नियम लगेच बदलला का?

नाही. त्यासाठी आणखी चार वर्षं जावी लागली. १९ विरुद्ध १८ हे टोकाचं उदाहरण असलं, तरी आघाडी घ्यायची आणि मग चेंडू दाबून ठेवायचा, हे अनेक संघ करत होते. मागे पडलेल्या संघाकडे एकच उपाय उरे, तो म्हणजे मुद्दाम फाउल करणं. मग फ्री थ्रोंची रांग लागे. मार्च १९५३ मध्ये बोस्टन सेल्टिक्स आणि सिरॅक्यूज नॅशनल्स यांच्यातला प्लेऑफ सामना चार जादा डावांपर्यंत लांबला आणि त्यात शंभराहून अधिक फाउल झाले. बोस्टनच्या बॉब कूझीने ५० गुण केले, त्यातले ३० फ्री थ्रोवरचे. असा खेळ बघायला लोक किती दिवस तिकीट काढणार, ही मालकांपुढची खरी चिंता होती.

२४ सेकंदच का?

तोडगा काढला सिरॅक्यूजचे मालक डॅनी बियासोन यांनी. संघाचे व्यवस्थापक लिओ फेरिस यांनाही याचं श्रेय दिलं जातं. चांगल्या रंगलेल्या सामन्यात प्रत्येक संघ साधारण ६० फटके मारतो, म्हणजे दोघांचे मिळून १२०, असा त्यांचा अंदाज होता. ४८ मिनिटांचे सेकंद होतात २८८०. त्याला १२० ने भागलं की उत्तर येतं २४. एवढ्या वेळात बास्केटचा प्रयत्न झाला नाही, तर चेंडू दुसऱ्या संघाकडे जाणार.

हे शॉट क्लॉक १९५४-५५ च्या हंगामात लागू झालं. एका क्वार्टरमध्ये संघाने ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त फाउल केले तर समोरच्याला जादा फ्री थ्रो, हा नियमही तेव्हाच आला. आधीच्या हंगामात संघांची सरासरी ७९.५ गुणांची होती. ती एका वर्षात ९३.१ वर गेली.

पुढे काय झालं?

शॉट क्लॉकच्या त्या पहिल्याच हंगामात अंतिम फेरी गाठणारे दोन संघ होते सिरॅक्यूज आणि फोर्ट वेन. सातव्या आणि निर्णायक सामन्यात पिस्टन्सने एका टप्प्यावर १७ गुणांची आघाडी घेतली होती. जुने नियम असते तर चेंडू दाबून ठेवून ती राखता आली असती. आता दर २४ सेकंदांनी फटका मारणं भाग होतं. सिरॅक्यूजने पिछाडी भरून काढली आणि ९२-९१ असा विजय मिळवला. पाच वर्षांपूर्वी एका गुणाने जिंकलेल्या पिस्टन्सचं विजेतेपद एकाच गुणाने हुकलं.

पिस्टन्स १९५७ मध्ये डेट्रॉइटला गेले आणि लेकर्स १९६० मध्ये लॉस एंजेलिसला. शॉट क्लॉक आल्यानंतरचा सर्वात कमी गुणांचा सामना फेब्रुवारी १९५५ मधला, बोस्टन ६२, मिलवॉकी हॉक्स ५७. त्यातही ११९ गुण झाले होते. त्यामुळे ३७ गुणांचा तो नीचांक यापुढे कुणी मोडेल, अशी शक्यता जवळपास नाहीच.