पाइपाआधी चप्पल

पीव्हीसीच्या पाइपांच्या तोंडावर थापा मारून वाजवायचं वाद्य म्हटलं, की निळ्या रंगात माखलेली तीन टकली माणसं आठवतात. न्यूयॉर्कच्या 'ब्लू मॅन ग्रुप'चा 'ट्यूब्ज' हा प्रयोग १९९१ मध्ये ॲस्टर प्लेस थिएटरात सुरू झाला. वाजवता वाजवता एकात एक सरकणारे पाइप लांब-आखूड करून त्यांनी मींडही काढून दाखवली, तेवढं श्रेय त्यांचं. पण वाद्याचं कूळ सॉलोमन बेटांवरचं आहे आणि त्या घरात प्लॅस्टिक फार उशिरा, दत्तक आलं.

तिथे वाद्य म्हणजे बांबू. मलाइता बेटावरचे आरे-आरे लोक बांबूच्या नळ्या दगडावर आपटून वाजवतात, शेजारी शेजारी बांधून फुंकतात. ह्यूगो झेम्प या संगीत-अभ्यासकाने सत्तरच्या दशकात हे सगळं चित्रित करून ठेवलं. १९२०च्या दशकात या बेटांवर आणखी एक तऱ्हा रुळली: दोन्ही तोंडं उघडी असलेल्या लहानमोठ्या नळ्या घ्यायच्या आणि तोंडावर नारळाचं सोडण मारायचं. साठच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत सोडणाची जागा रबरी चपलेने घेतली. पुढे हे 'बांबू बँड' पापुआ न्यू गिनीतही पोचले. म्हणजे कारखान्यातून या वाद्यात पहिली शिरली ती चप्पल.

आणि ती नेमकी बसली. सपाट असल्याने तोंड पुरतं झाकते, लवचिक असल्याने लगेच उसळते. हे उसळणं महत्त्वाचं. चप्पल तोंडावर टेकून राहिली तर नळी एका बाजूने बंद होते आणि स्वर सप्तकभर खाली घसरतो. हात नवा असला की हा घोटाळा हमखास होतो.

बांबूला पेरं असतात, जाडी सारखी नसते, उन्हाने तडकतो. पीव्हीसी एकसारखा मिळतो, करवतीने कापता येतो, वर एल्बो लावून वळवताही येतो. खर्जासाठी अडीच मीटरहून लांब नळी लागते, तेव्हा ही सोय कळते. हिशोबही सोपा वाटतो: आवाजाच्या वेगाला स्वराच्या कंपनसंख्येच्या दुपटीने भागायचं. पांढरी एकचा मंद्र षड्ज १३१ हर्ट्झ धरला तर लांबी सुमारे १३१ सेंटिमीटर येते. पण तेवढा पाइप कापला तर षड्ज उतरलेला निघतो, कारण तोंडाबाहेरची थोडी हवाही नळीबरोबर थरथरते. म्हणून प्रत्येक तोंडामागे आतल्या त्रिज्येच्या साधारण सहा दशांश लांबी वजा करायची. आतून दहा सेंटिमीटर व्यासाच्या पाइपात ही वजावट एकूण सहा सेंटिमीटरांची होते, म्हणजे पाइप १२५चा. त्याच्या निम्मा कापला की वरचा षड्ज मिळेल हा समजही त्यामुळेच फसतो. तो साठाच्या जरा आत कापावा लागतो. खरं तर थोडा लांबच कापावा आणि कानाने घासत आणावा. आखूड झालेला पाइप पुन्हा वाढवायचा म्हणजे जोड आला.

बांबूकडून पाइपाकडे येण्याच्या या वाटेवर सगळ्यात ठळक नाव न्यूझीलंडच्या फिल डॅडसन यांचं. लंडनमध्ये कॉर्नेलियस कार्ड्यूच्या 'स्क्रॅच ऑर्केस्ट्रा'त वाजवून ते मायदेशी परतले आणि १९७४ मध्ये त्यांनी 'फ्रॉम स्क्रॅच' हा गट काढला. त्यांच्या वाद्यमेळात चौकटींवर रचलेले पीव्हीसीचे पाइप आले आणि ते वाजू लागले रबरी थापटण्यांनी. एक सूर याचा, पुढचा त्याचा, अशी चाल वादकांत वाटून घ्यायची त्यांची रीत सॉलोमनच्या बांबूमेळांच्या जवळची आहे. डॅडसन यांनी हा वारसा कधी लपवला नाही. 'पॅसिफिक ३, २, १, झीरो' ही त्यांची रचना प्रशांत महासागरातल्या अणुचाचण्यांच्या निषेधाची. १९८२ मध्ये त्यांनी ती थेट पॅरिसच्या बिएनालेत वाजवली. फ्रान्सचे प्रशांत महासागरातले स्फोट त्यानंतरही झाले; शेवटचा १९९६ मध्ये.