रूळ मोजणारे आणि माणसे मोजणारे

आगगाडी कोणी आणली असे विचारले, तर लोक एका शब्दात उत्तर देतात : इंजिनियरांनी. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन गावांचा सारा प्रपंच ज्या रुळांवर चालतो, त्यांच्याविषयीही आपण एवढेच बोलून थांबतो. आम्ही कामगार संघटनेचे काम करणारी माणसे. आम्हांला तेवढ्यावर थांबून भागले नाही. गाऱ्हाणे कोणत्या साहेबाकडे न्यायचे हे ठाऊक नसले, तर अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतो. म्हणून वाहतुकीचे इंजिनियर किती प्रकारचे आणि कोणाच्या हाती काय, हे आम्हांला शिकावे लागले. शिकता शिकता ध्यानात आले की, हे सगळे एका दिवशी जन्मलेले नाहीत. प्रत्येक जण कोणत्या ना कोणत्या अडचणीच्या पोटी आला आहे. तो क्रम लावला की आपल्या भागाचा पावणेदोनशे वर्षांचा इतिहास समोर उभा राहतो.

पहिला आला तो मोजणीचा इंजिनियर. रूळ कोठून न्यायचा हे तो ठरवतो. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास गाडी गेली आणि १ मे १८५४ रोजी ती कल्याणला पोहोचली. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मुख्य इंजिनियर होता जेम्स बर्कले. कल्याणहून दोन वाटा फुटणार होत्या. एक थळ घाटाने नाशिक-खानदेशाकडे, दुसरी बोर घाटाने पुण्याकडे. आगगाडीला चढ सोसत नाही. बैल ओढून नेईल तो चढही तिला जड जातो. अशा वेळी मोजणीदार नदीचा माग काढतो, कारण सोपा उतार नदीने आधीच शोधून ठेवलेला असतो. उल्हास नदी घाटाखालून निघून कर्जत, बदलापूर करीत कल्याणकडे येते. तिच्याच खोऱ्यातून रूळ गेले आणि मे १८५६ मध्ये गाडी खोपोलीपर्यंत धावू लागली. शके ९८२ चा लेख असलेले अंबरनाथचे शिवालय तेव्हा आठशे वर्षांचे झाले होते.

मोजणीदाराची रेघ कागदावरून डोंगरावर उतरवतो तो बांधकामाचा इंजिनियर. पूल, कमानी, बोगदे ही त्याची विद्या. कर्जत मागे पडले की बोर घाट सुरू होतो. तेथे सुमारे पावणेसोळा मैलांत १,८३१ फूट चढायचे होते. काही ठिकाणी ३७ फुटांमागे एक फूट चढ होता. २५ बोगदे खणावे लागले, ८ मोठे कमानपूल बांधावे लागले. १८६१ साली या एका घाटावर ४२,००० हून अधिक माणसे राबत होती. कड्यावरून दोराने खाली सोडलेले मजूर लोंबकळत सुरुंगाची भोके पाडीत. पटकीने आणि अपघाताने हजारो मेले.

येथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. १८५९ च्या जानेवारीत पहिला ठेकेदार फॅव्हिएल याच्या कामावर मजुरी थकली म्हणून मजूर खवळून उठले आणि दंगल झाली. थोड्याच दिवसांत त्या ठेकेदाराच्या हातून काम गेले. या देशातल्या रेल्वेमजुरांच्या अगदी आरंभीच्या झगड्यांत आम्ही त्याची गणना करतो. त्याच्या मागून आलेला सॉलोमन ट्रेडवेल येताच काही दिवसांत वारला. मग त्याची विधवा अ‍ॅलिस ट्रेडवेल हिने ठेका पुढे चालवला. १८६३ साली घाट खुला झाला. बर्कले तो पाहण्यास उरला नव्हता. १८६२ सालीच तो वारला. पुढे चारच वर्षांनी, १८६७ साली, घाटातला एक मोठा कमानपूल कोसळला आणि पुन्हा बांधावा लागला.

बांधून झालेला रूळ टिकवावा लागतो. म्हणून तिसरा आला तो कायम रस्त्याचा इंजिनियर. वळणावर बाहेरचा रूळ किती उचलायचा, उन्हाने लोखंड वाढते त्याला फट किती ठेवायची, खडी कितपत ठोकायची, हा त्याचा हिशेब. परंतु त्याचे डोळे म्हणजे गँगमन. पावसाळी रात्री कंदील घेऊन रुळावरून चालणारा माणूस नसेल, तर साहेबाचे गणित कागदावरच राहते.

गाड्या वाढल्या तसा चौथा आला, सिग्नलचा. त्याच्या विद्येचे मर्म एका वाक्यात सांगता येते : सांधा नीट बसल्याशिवाय सिग्नल पडताच कामा नये. माणूस दमतो, चुकतो, हे ज्याने गृहीत धरले असा आमच्या मते हा पहिला इंजिनियर. त्याच्या जोडीला इंजिने आणि डबे सांभाळणारा यांत्रिक इंजिनियर होताच. १९२९ च्या सुमारास कल्याण-पुणे मार्गावर वीज आली, ठाकुर्लीजवळ चोळ्याला वीजघर उभे राहिले आणि विजेचा इंजिनियर दाखल झाला. घाटात गाडीला तोंड फिरवून जावे लागे, ते ठिकाणही नव्या आखणीने त्याच सुमारास बाद झाले. तेव्हा आलेली १,५०० व्होल्टची वीज जाऊन २०१५ पर्यंत मुंबईच्या मुख्य मार्गावर २५,००० व्होल्टची आली.

नदीला मात्र कोणी बदलले नाही. २७ जुलै २०१९ रोजी उल्हासच्या पुराने बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेसला वेढले. हजारावर उतारू अडकले. होड्या आणून त्यांना सुखरूप काढावे लागले. खोऱ्यातून रूळ नेण्याची सोय जी १८५६ साली झाली, तिचे हे देणे आहे. मोरी किती रुंद, भराव किती उंच, हे पाण्याचा हिशेब करणाऱ्याने ठरवायचे. आणि वरच्या अंगाला घरे व भराव वाढले की तो हिशेब त्याने पुन्हा मांडायचा.

आता राहिला शेवटचा, वाहतूक मोजणारा इंजिनियर. तो दगड मोजत नाही, माणसे मोजतो. कोणत्या स्टेशनावर किती चढतात, जिन्यावरून मिनिटाला किती उतरू शकतात, चौकात तासाला किती गाड्या येतात, हे पाहून तो फलाट, पूल आणि रस्ते यांची मापे सांगतो. त्याची गरज आपल्याकडे फार लवकर लागली होती. महायुद्धातली कल्याणची लष्करी छावणी. तेथे फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी तिचे उल्हासनगर झाले. सैनिकांसाठी आखलेल्या बराकींत संसार मांडले गेले. वस्तीच्या भागांना आजही कॅम्पाचे नंबर आहेत. अंबरनाथला शस्त्रास्त्रांचे कारखाने आले. २०११ च्या खानेसुमारीत उल्हासनगर पाच लाखांवर, अंबरनाथ अडीच लाखांवर आणि बदलापूर पावणेदोन लाखांच्या घरात गेले. तरी कल्याण-बदलापूर तिसऱ्या-चौथ्या मार्गाला मंजुरी मिळायला २०१९ साल उजाडले.

म्हणजे जमीन मोजणारा १८५० नंतर लगेच आला आणि माणसे मोजणाऱ्याचे म्हणणे ऐकायला दीडशेहून अधिक वर्षे लागली. दारात लोंबकळणारा आमचा कामगार आणि घाटात दोराला लोंबकळणारा मजूर यांच्यामध्ये एवढाच इतिहास आहे. दोघेही हिशेबाबाहेर राहिले.

इंजिनियरांच्या विद्येविषयी आमच्या मनात आदरच आहे. आम्ही मागतो ते इतकेच : पूल भार किती सोसेल हे ठरवणाऱ्याचा शब्द जसा अखेरचा असतो, तसा जिना किती माणसांना पुरेल हे सांगणाऱ्याचाही असावा. आणि रुळावरून चालणाऱ्या गँगमनला व फलाटावर उभ्या राहणाऱ्या उतारूला त्याने आधी विचारावे. मोजणीचा आरंभ तेथूनच होतो.