शेतराखणीची बंदूक आणि बॅटरी (गोवा)

पेडणे, डिचोली भागात रानडुकरे रात्री भातशेतीत आणि कुळागरांत घुसतात, म्हणून काही शेतकरी परवान्याची बंदूक बाळगतात. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम १३ मध्ये पीकसंरक्षणाच्या ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे. निवडणुकीच्या काळात परवानाधारकांना शस्त्र सहसा पोलीस ठाण्यात जमा करावे लागते.

रात्री उजेडासाठी एकनळी बंदुकीला बॅटरी नळीखाली पट्टीने कसतात. पंप-ॲक्शन बंदुकीत ती काडतुसांच्या नळकांड्याच्या पुढच्या टोकाला बसते. मागे बसवली तर सरकती मूठ अडते. झोत व माशी एका रेषेत येतात आणि दोन्ही हात बंदुकीवर राहतात, हा फायदा. धोका मात्र त्याहून मोठा आहे: उजेड पाडायचा तर नळीच तिकडे वळवावी लागते. गुरे, मांजर, बिबट्या यांचे डोळे झोतात चकाकतात. डुकराच्या आणि माणसाच्या डोळ्यांत ही चकाकी देणारा परावर्तक थर नसतो, त्यामुळे झुडपाआड डुक्कर आहे की शेजारचा राखणदार, हे डोळ्यांवरून कळत नाही. म्हणून ओळख पटवायला हातातली वेगळी बॅटरीच हवी आणि तोवर बोट चापापासून दूर.

परवाना म्हणजे शिकारीची मुभा नव्हे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या २०२२ मधील दुरुस्तीनंतर रानडुक्कर अनुसूची २ मध्ये आहे. पीक नासणारे डुक्कर मारायलाही अधिकृत वनाधिकाऱ्याचा लेखी आदेश लागतो. गोव्याचा राज्यप्राणी गवा अनुसूची १ मध्ये येतो.