पायाखालची जमीन

चेन्नईतील गिंडीचे नाव भारतीय अभियांत्रिकी शिक्षणाच्या इतिहासात आदराने घेतले जाते. ईस्ट इंडिया कंपनीने १७९४ साली मद्रासमध्ये भूमापनाची एक लहानशी शाळा काढली. तिचेच पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय झाले व १९२० साली ते गिंडीला आले. या विद्येचा आरंभ जमीन मोजण्यापासून झाला. भूकंपात तीच जमीन इमारतीशी कशी वागते, हे मात्र पुढे एकेका आपत्तीने शिकवले.

चेन्नईची भूमी सर्वत्र सारखी नाही. गिंडी परिसरात कठीण खडक आहे, पेरांबूरकडे चिकणमाती आहे, तर समुद्रकाठी वाळू आहे. खडकातून वेगाने येणारी भूकंपलहर मऊ थरात शिरली की मंदावते आणि तिचे हेलकावे वाढतात. त्या थराच्या आंदोलनाची लय इमारतीच्या लयीशी जुळली, तर प्रत्येक हेलकाव्यागणिक इमारत अधिकाधिक झुलते. इमारतही स्वस्थ नसते. तिच्या भाराने पाया मातीत किंचित डुलतो, माती दबते आणि इमारतीची मूळ लय बदलते. म्हणून माती, पाया व इमारत यांचा विचार एकत्रच करावा लागतो.

१९८५ साली मेक्सिको सिटीत याचा दारुण प्रत्यय आला. भूकंपाचे केंद्र शेकडो किलोमीटर दूर असूनही, जुन्या सरोवराच्या गाळावर उभ्या असलेल्या मध्यम उंचीच्या इमारती कोसळल्या. २६ जानेवारी २००१ रोजी भूकंप झाला कच्छमध्ये. पण साबरमतीच्या गाळावर वसलेल्या दूरच्या अहमदाबादेतही बहुमजली इमारती पडल्या. तेथे सदोष बांधकामाचाही वाटा होताच.

महाराष्ट्राला हा धडा आधीच मिळाला होता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनाची रात्र सरत असताना, किल्लारी परिसर हादरला आणि सुमारे ८,००० माणसे दगावली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि डोक्यावरचे जड माळवद हे तेथील विनाशाचे मुख्य कारण होते. दोष केवळ जमिनीला देऊन चालणार नाही, हेही किल्लारीने शिकवले.

सप्टेंबर २००१ मध्ये पुदुच्चेरीनजीकच्या समुद्रात झालेल्या भूकंपाचे धक्के चेन्नईलाही जाणवले. २००२ साली भूकंपरोधक रचनेच्या भारतीय मानकात सुधारणा झाली. चेन्नई दुसऱ्या विभागातून तिसऱ्यात आली. पूर्वी सर्वांत सुरक्षित गणलेला किल्लारी परिसरही तिसऱ्यात गेला. खडक, मध्यम माती आणि मऊ माती यांसाठी निरनिराळे हिशेब ठरले.

हीरक महोत्सवात शाळेच्या वास्तूचे कौतुक होते. पायाची आठवण क्वचितच निघते. जुन्या शाळेवर नवा मजला चढवायचा झाला, की पायावरचा भार वाढतो आणि इमारतीची लयही बदलते. म्हणून वर्गखोल्यांचा नकाशा काढण्याआधी माती व पाया यांची तपासणी व्हावी, असा आग्रह पालकांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी धरावा. त्या वर्गांत मुले बसणार आहेत.