बिनतारीची शिदोरी

बिनतारी संदेशाचा इतिहास लिहिणारे बहुतेक ग्रंथकार उंच मनोऱ्यांचें वर्णन मोठ्या प्रेमानें करितात. मार्कोनीनें 12 डिसेंबर 1901 रोजीं न्यूफाउंडलंड बेटावर बसून पोल्डू येथून निघालेला संकेत ऐकला, तेव्हां त्यानें पतंगास बांधून तार आकाशांत कशी चढविली होती, हें या ग्रंथांतून रसभरित भाषेंत वाचावयास मिळतें. मात्र त्या संकेताच्या पाठीमागची वीज कोठून आली हें एखाद्या ओळींत उरकलेलें असतें. पोल्डू येथें ती तेलाच्या एंजिनावर फिरणाऱ्या 25 किलोवॉटच्या जनित्रांतून आली. ज्याच्या दारांत एंजिन आहे त्याला शक्तीचा जमाखर्च ठेवण्याचें कारण पडत नाहीं. जमाखर्च ठेवावा लागतो तो गरिबाला. आणि बिनतारीच्या राज्यांतील गरीब म्हणजे हौशी लोक होत. त्यांचा इतिहास लिहावयाचा तर तो मनोऱ्याच्या टोंकापासून नव्हे, टेबलाखालीं ठेवलेल्या बॅटरीपासून लिहिला पाहिजे, असें आमचें मत आहे.

'हौशी' हा शब्द आपल्याकडे थोडा हलका पडतो. हौशी नट म्हटला कीं ज्याची नक्कल पाठ नाहीं असा गृहस्थ डोळ्यांपुढें उभा राहतो. बिनतारींतला हौशी माणूस तसा नव्हे. तो परीक्षा देतो, सरकारी परवाना घेतो, आपलें संकेतनाम जपतो. मोबदला मात्र घेत नाहीं. 1912 च्या अमेरिकन कायद्यानें या मंडळींस 200 मीटर व त्याखालील लहरी नेमून दिल्या. त्या काळच्या तज्ज्ञांची समजूत अशी कीं, लहर जितकी लांब तितका पल्ला लांब. तेव्हां आंखूड लहरी देणें म्हणजे गांवकुसाबाहेरची बरड जमीन वाटणें होतें. त्या बरड जमिनींतच पीक आलें. नोव्हेंबर 1923 त फ्रान्समधील नीस येथील लेऑं दलुआ यानें सुमारें 100 मीटर लहरीवर अमेरिकेंतील हौशी लोकांशीं दोन्ही बाजूंनीं संभाषण केलें. पुढें 18 ऑक्टोबर 1924 रोजीं लंडनच्या मिल हिल शाळेंतील सेसिल गॉयडर या अठरा वर्षांच्या विद्यार्थ्यानें न्यूझीलंडमधील फ्रँक बेल यांच्याशीं संधान बांधलें. पृथ्वीच्या पाठीवर याहून दूरचा शेजारी मिळणें कठीण. हाच गॉयडर 1936 त हिंदुस्थानांत येऊन ऑल इंडिया रेडिओचा मुख्य एंजिनियर झाला, ही गोष्ट आमच्या वाचकांपैकीं थोड्यांनाच ठाऊक असेल.

आंखूड लहरी वरच्या वातावरणांतील विद्युद्भारित थरावरून परावृत्त होऊन दूरवर उतरतात, म्हणून अल्प शक्तींत लांबचा पल्ला साधतो. शक्ति अल्प पुरते, म्हणून बॅटरी पुरते. आणि बॅटरी पुरते म्हणून यंत्र घरांतून उचलून रानांत, डोंगरावर, बर्फावर नेतां येतें. ही साखळी एकदां ध्यानांत आली म्हणजे बॅटरीची निवड हा दुकानदारीचा क्षुल्लक प्रश्न उरत नाहीं.

1920 नंतरच्या दशकांत हौशी माणसाच्या टेबलाखालीं एक नव्हे, तीन बॅटऱ्या असत. त्या वेळच्या व्हॉल्व्हची मागणीच तशी होती. पहिली बॅटरी तंतु तापविण्यासाठीं; तिला दाब थोडा, पण प्रवाह पुष्कळ लागे. दुसरी पट्टिकेसाठीं, तिचा दाब 45 किंवा 90 व्होल्ट, पण प्रवाह अगदीं नाममात्र. तिसरी जाळीसाठीं, तिच्यांतून प्रवाह जवळजवळ वाहतच नसे. संसारांत पाणी, पीठ आणि मीठ यांचा खर्च जसा वेगवेगळ्या मापानें होतो तसाच हा प्रकार होता. म्हणून पहिल्या कामाला शिशाचे, पुन्हां पुन्हां भरतां येणारे घट घेत. हा घट फ्रान्सच्या प्लांते यानें 1859 त सिद्ध केला. एका घटाचा दाब 2 व्होल्ट. दुसऱ्या कामाला कोरडे घट घेत. यांचा मूळपुरुष 1866 चा लक्लांशे. जस्त, नवसागर, मँगेनीज डायऑक्साइड आणि कोळशाची कांडी हा त्याचा संसार. पुढें जर्मनीच्या गासनेर यानें त्यांतील सांडणाऱ्या पाण्याचें काम लगद्यावर भागविलें. एका कोरड्या घटाचा दाब दीड व्होल्ट. म्हणजे 45 व्होल्टांसाठीं एका पुठ्ठ्याच्या खोक्यांत 30 लहान घट ओळीनें बसविलेले असत. त्यांतला एक रुसला कीं सारें खोकें मुकें.

अमेरिकेंतील यूव्ही-201 या व्हॉल्व्हचा तंतु 5 व्होल्टांवर 1 अँपिअर प्रवाह खाई. 60 अँपिअर-तासांचा शिशाचा घटसमूह अशा एका व्हॉल्व्हला कागदावर 60 तास पुरेल. तीन व्हॉल्व्हना कागदावर 20 तास, आणि प्रत्यक्षांत त्याहूनही कमी. कारण घटांतून प्रवाह जितका घाईनें उपसावा तितका एकूण सांठाच कमी हातीं लागतो. पॉयकर्ट यानें 1897 त हा नियम सूत्रांत मांडला. आपल्या विहिरींचा अनुभव असलेल्या शेतकऱ्याला तो सूत्रावांचूनही पटेल. पुढें कमी खाणारे व्हॉल्व्ह निघाले. डब्ल्यूडी-11 हा 1.1 व्होल्ट व पाव अँपिअर यांवर, म्हणजे एकाच कोरड्या घटावर चाले. यूव्ही-199 ला तर 0.06 अँपिअर पुरे होई. येथें एक लक्षणीय गोष्ट घडली. यंत्र पाहून बॅटरी निवडावी असा जो रिवाज होता तो उलटला, आणि बॅटरी पाहून यंत्र घडविलें जाऊं लागलें.

आपल्याकडे बॅटरीचें शास्त्र खेड्यांतील माणूस अनुभवानें शिकला. जेथें विजेची तार पोंचली नव्हती तेथें नभोवाणीचा संच बॅटरीवर चाले, आणि ती बॅटरी जपून वापरावी लागे. आमच्या लहानपणीं ट्रान्झिस्टरचे मंदावलेले सेल काढून अंगणांत उन्हांत ठेवण्याची चाल घरोघर होती. नाट्यसंगीत ऐन रंगांत आलें असतां आवाज बसूं लागला कीं वडीलधारी माणसें हळहळत, आणि दुसऱ्या दिवशीं सेल पापडांच्या शेजारीं वाळत पडत. शिकलेली मंडळी या चालीला हंसत. वस्तुतः हंसण्याचें कारण नव्हतें. उष्णतेनें घटांतील रासायनिक क्रिया क्षणभर त्वरेनें चालते व थोडा प्राण परत येतो. नवी शक्ति मात्र उन्हांतून सेलांत शिरत नाहीं. याच नियमाची दुसरी बाजू ही कीं थंडींत चांगला घटही आळसतो. अर्धवट उतरलेल्या शिशाच्या घटाला तर आणखी एक भय असतें. भरलेल्या घटांतील गंधकाम्ल तीव्र असल्यामुळें कडाक्याच्या थंडींतही गोठत नाहीं. घट उतरत जातो तसतसें तें पाणचट होतें आणि अखेर शून्याखालीं थोड्याच अंशांवर गोठून घट फोडतें. एडिसनचा लोखंड-निकेलचा घट हेळसांड सोसण्यांत सर्वांत काटक, पण थंडींत तोही कामचुकार. आजच्या हौशी माणसाच्या आवडीचा लिथियम-लोह-फॉस्फेटचा घट शिशाच्या मानानें पुष्कळ हलका आहे. चार घट ओळीनें जोडले कीं 12.8 व्होल्ट होतात व हल्लींच्या यंत्रांस तेवढे जुळतात. पण शून्य अंशाखालीं त्याला भरूं नये असा दंडक आहे. सर्वगुणसंपन्न बॅटरी अद्याप जन्मास आलेली नाहीं. नेहमीं विचारावयाचे प्रश्न तेच: बोलणें किती, ऐकणें किती, वजन कोण वाहणार, आणि संपल्यावर भरणार कोठें? हल्लींचें 100 वॉटचें यंत्र ऐकतांना 1 अँपिअरच्या आसपास घेतें, तर बोलतांना सुमारें 20. जो नुसतें ऐकतो त्याची शिदोरी आठवडाभर पुरावी, आणि जो बडबडतो त्याची एका दुपारींत संपावी, हें यावरून उघड होईल.

हे चारही प्रश्न एकाच वेळीं जिवावर बेतल्याचें उदाहरण 1928 चें आहे. इटलीचे जनरल उंबेर्तो नोबिले यांची 'इतालिया' ही वायुनौका स्पिट्सबर्गेनच्या किंग्ज बे येथून निघून 24 मे रोजीं उत्तर ध्रुवावर पोंचली, आणि परततांना 25 मे रोजीं सकाळीं बर्फावर आदळली. सोळा जणांपैकीं दहा बर्फावर फेंकले गेले. त्यांतला एक तत्काळ मरण पावला. हलकी झालेली वायुनौका उरलेल्या सहा जणांना घेऊन पुन्हां वर चढली व वाऱ्याबरोबर नाहींशी झाली. ते सहा जण पुढें कोणास दिसले नाहींत. बर्फावरील नऊ जणांत नोबिले व चेचिओनी यांचे पाय मोडलेले. मुख्य बिनतारी यंत्र निकामी झालें होतें. परंतु मोडक्या सामानांत एक लहान, बॅटरीवर चालणारें प्रेषक यंत्र शाबूत सांपडलें. बर्फावर उतरणाऱ्या टोळीसाठीं तें मुद्दाम बरोबर घेतलें होतें. त्याचें नांव 'ओंदिना 33'. इटालियन भाषेंत 'ओंदा' म्हणजे लाट. सुमारें 33 मीटर लांबीच्या लहरीवर तें चाले. ज्यांनीं ही योजना केली त्यांनीं मोठ्या शक्तीचा मोह टाळून लघुलहर व हलकी बॅटरी निवडली. म्हणजे हौशी मंडळींनीं पांच वर्षांपूर्वीं मिळविलेली विद्याच त्यांनीं पदरीं बांधली, असें म्हणावयास हरकत नाहीं.

ज्युझेप्पे बिआजी या बिनतारीवाल्यानें मोडक्या नळ्यांची काठी उभी करून तार ताणली आणि मदतीची हांक घालावयास आरंभ केला. उत्तर नाहीं. ऐकण्याचें यंत्र मात्र ठीक होतें; त्यावर रात्रीं रोमच्या केंद्राची वार्तापत्रें ऐकूं येत. आपला शोध चालू आहे हें त्या नऊ जणांना रोमहून कळे, आणि आपण कोठें आहोंत हें तीनशेंहून थोड्या अधिक किलोमीटरांवर असलेल्या आपल्याच 'चित्ता दि मिलानो' या जहाजाला कळवितां येत नसे. याचें कारण काय? जहाजावरील बिनतारीवाले इतर तारांच्या गर्दींत गुंतले होते, अशी टीका पुढें पुष्कळ झाली. ती निराधार नसावी. पण दुसरें कारण निसर्गाचें आहे. लघुलहर जवळच्या थोड्या टापूंत भूमीवरून पोंचते, आणि वर जाऊन उतरते ती फार दूर. मधला पट्टा मुका राहतो. जी लहर शक्ति वांचविते तीच शेजाऱ्याला बहिरें करिते.

बिआजीपुढें आतां हिशेब होता तो असा. प्रत्येक हांकेला बॅटरीचा घास द्यावा लागणार. हांक न घातली तर बॅटरी राहील पण सुटका होणार नाहीं. ठराविक वेळीं पाठविणें व बाकीच्या वेळीं गप्प राहून ऐकणें हा मार्ग त्यानें धरिला. इतरांचा धीर मात्र सुटत चालला. 30 मे रोजीं माल्मग्रेन हा स्वीडनचा हवामानशास्त्रज्ञ आणि मारियानो व झाप्पी हे दोन इटालियन अधिकारी पायीं जमिनीकडे निघाले; बिनतारीला कोणी उत्तर देत नाहीं, तेव्हां माणसांनींच जावें, हा त्यांचा विचार. वाटेंत माल्मग्रेनचे पाय चालेनात. आपल्या वांट्याचें अन्न दोघांनीं न्यावें व आपणांस येथेंच सोडावें असें त्यानें सांगितल्याचें त्या दोघांनीं पुढें कथन केलें. तो परत दिसला नाहीं.

ते तिघे निघाल्यास चार दिवसही पुरे झाले नव्हते, तों 3 जून रोजीं सुमारें अडीच हजार किलोमीटर दूर, रशियांतील वोझ्नेसेन्ये-वोख्मा या खेड्यांत निकोलाय श्मिट नांवाच्या हौशी तरुणानें घरीं बनविलेल्या संचावर तुटक अक्षरें टिपलीं. त्यांत नोबिले हें नांव होतें आणि मदतीचा संकेत पुन्हां पुन्हां होता. त्यानें मॉस्कोस तार केली. 6 जूनला बिआजी नेहमींप्रमाणें रोमचें वार्तापत्र लिहून घेत असतां त्यांत आपलीच हांक रशियांत ऐकूं आल्याची वार्ता त्याच्या हातून कागदावर उतरली. 8 जूनला जहाजाशीं संबंध जुळला. हीच वार्ता चार-पांच दिवस अगोदर आली असती तर माल्मग्रेन तंबू सोडून निघता ना, असें आम्हांस वाटल्यावांचून राहत नाहीं.

हांक पोंचल्यानें हिशेब संपला नाहीं. तंबू ज्या बर्फावर होता तें बर्फ प्रवाहाबरोबर सरकत होतें. रोजचें ठिकाण कळविलें नाहीं तर शोधणाऱ्या वैमानिकांस त्या पांढऱ्या पसाऱ्यांत कांहीं दिसणें अशक्य. म्हणून अन्नाइतकीच बॅटरीचीही गरज होती. 20 जून रोजीं मादालेना या वैमानिकाला बिनतारीनें दिशा सांगून तंबूवर आणण्यांत आलें, व त्यानें वरून टाकलेल्या सामानांत खाद्यपदार्थ, पादत्राणें यांबरोबर बॅटऱ्याही होत्या. तीन दिवसांनीं स्वीडनच्या लुंडबोर्ग यानें विमान बर्फावर उतरवून नोबिले यांना नेलें. सेनानायक आधीं गेला याबद्दल त्यांस जन्मभर बोल ऐकावे लागले. तो वाद आमचा विषय नव्हे. बिआजी यंत्रापाशींच राहिला. 12 जुलै रोजीं रशियन बर्फफोडे जहाज 'क्रासिन' यानें प्रथम मारियानो व झाप्पी यांना उचललें आणि त्याच दिवशीं तंबूंतील उरलेल्या पांच जणांना. तोंपर्यंत, म्हणजे अपघातापासून 48 दिवस, बिआजीचें यंत्र बोलत होतें.

इटलीस परतल्यावर बिआजीचा मोठा सत्कार झाला. पुढें उतारवयांत तो रोममध्यें पेट्रोलच्या पंपावर काम करी. 'ओंदिना' ला स्पेत्सिया येथील नौदलाच्या संग्रहालयांत जपून ठेवण्यांत आली. श्मिटला मात्र त्याच्याच सरकारनें 1942 त ताश्कंद येथें खोट्या आरोपावरून गोळी घातली, आणि तो निर्दोष होता असें पुष्कळ वर्षांनीं जाहीर केलें.